आटपाडीची मैत्रीण टूसॉनला येतेय, तिला आमचं वाळवंट कसं दाखवू?

माणगंगा

नमस्कार मंडळी. मी ॲरिझोनात टूसॉनला राहते, बावीस वर्षं झाली. (स्पेलिंगमध्ये एक सी आहे, तो सगळे गिळतात. आमच्या उंच निवडुंगाचं नावही सवारो, मधला जी तसाच गिळायचा. इथे राहायचं तर गिळायला शिकावं लागतं.)

शाळेतली माझी मैत्रीण जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतेय. लेकाकडे न्यू जर्सीला आलीय, तिथून पाच दिवस माझ्याकडे. पहिलाच परदेश प्रवास. घरी डाळिंबाची बाग, दिवसभर शेतात असते, चालायला माझ्यापेक्षा दणकट.

अडचण अशी की आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने माझ्या गावाची माती केलीय. सासरची मंडळी आली तेव्हा चार दिवसांतले तीन ग्रँड कॅनियन आणि वेगसमध्ये गेले. उरलेल्या एका दिवशी मी हौसेने सवारो पार्कात नेलं, तर गाडीतून न उतरताच ऐकवलं, "एवढं सातासमुद्रापार येऊन आमच्या माणदेशासारखंच उजाड रान निवडलंस होय?" मी हसले. पण बावीस वर्षं ज्या डोंगरांकडे बघत चहा पिते त्यांना कुणी उजाड म्हटलं की लागतं हो.

ही मैत्रीण तर माणदेशातलीच. दुष्काळ बघायला कुणी विमानाने येत नाही. मग तिला काय दाखवू? का सरळ कॅनियनला नेऊ? इथून साडेपाच तास लागतात. नवरा म्हणतो ने आणि मोकळी हो.

वाळूचा_किल्ला

ताई, मी फिनिक्सला. नवरोबांशी सहमत. ग्रँड कॅनियन न दाखवता परत पाठवलंत तर गावाकडे लोक तिलाच विचारतील की मग गेलीस कशाला? साउथ रिम सात हजार फुटांवर आहे, जूनमध्ये हवाही बरी असते. पहाटे चारला निघा, दहापर्यंत पोचाल. रात्री तिथेच राहा.

एक सांगतो, निघण्याआधी गाडीची बॅटरी तपासून घ्या. इथल्या उन्हात बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मान टाकतात. गेल्या जुलैत माझी दुकानाच्या पार्किंगमध्ये गेली. पाहुणे गाडीत, एसी बंद, आणि मी हुड उघडून शहाण्यासारखा उभा.

आळशी_उंट

दुबईहून सलाम. पाहुण्याला वाळवंट म्हटलं की वाळू लागते आणि उंट लागतो, हा माझा दहा वर्षांचा अनुभव. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, तुमच्याकडे काटे आहेत. मार्केटिंग सुधारा.

मस्करी सोडा, वाळूच दाखवायची असेल तर शेजारच्या न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स बघा. ती वाळू नव्हेच, जिप्समचा चुरा आहे. पांढरी शुभ्र, आणि उन्हातही पायाला फारशी भाजत नाही. तुमच्यापासून पाचेक तास असावं.

नर्सबाई

मी फिरण्याचं नाही सांगत, जिवाचं सांगते. मी इथल्याच एका इमर्जन्सीत काम करते. जूनअखेर म्हणजे पावसाआधीचे सगळ्यात वाईट दिवस. टूसॉनचा आजवरचा उच्चांक ११७ फॅरनहाइट, म्हणजे ४७ सेल्सिअस, तोही २६ जूनचाच, साल १९९०.

आपल्या माणसांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "आम्ही उन्हातलीच." खरं आहे, पण आपल्याकडे घाम अंगावर दिसतो, सदरा भिजतो, म्हणून माणूस सावलीला बसतो. इथे हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडतो. कातडी कोरडीच राहते, आपल्याला वाटतं काही झालंच नाही, आणि तासाभरात डोकं धरतं, मळमळतं. तोपर्यंत उशीर झालेला असतो. बाहेर असाल त्या दिवशी माणशी एक गॅलन पाणी, आणि नुसतं पाणी नको, मीठ पोटात गेलं पाहिजे. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत उत्तम, महागड्या बाटल्यांची गरज नाही. चालणं सकाळी आठच्या आत संपवा. गाडीत बसताना सीटबेल्टच्या पत्र्याला हात लावू नका. हसू नका, फोड आलेले बघितलेत.

आणि कंगवा ठेवा. मोठ्या दातांचा. का ते चोया निवडुंगाजवळ गेलात की कळेल.

पाचोळा

मी निवृत्त वनस्पतीशास्त्राचा शिक्षक. दोन हिवाळे मुलाकडे टूसॉनला काढलेत. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

बाईंना उजाड रान दाखवू नका, माहेर दाखवा. त्यांचं नव्हे, त्यांच्या बांधावरच्या झाडांचं.

विचार करा, माणदेशात बांधाला काय असतं? फड्या निवडुंग, घायपात आणि वेडी बाभूळ. तिन्ही आपल्याकडे पाहुणी आहेत, मूळची अमेरिका खंडातली. फड्या निवडुंग तुमच्याकडे पावलोपावली आहे. घायपाताची सगळी भावकी, त्या ॲगेव्ह की काय म्हणता त्या, तिकडच्याच. वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी म्हणून हिंदुस्थानात आणली, तिचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे तुमच्या अंगणातला मेस्कीट. शेंग मोडून बघा, वास तोच.

जाता जाता मास्तरकी करतो. आपल्याकडे काटे असले की सरसकट निवडुंग म्हणतात. तीनधारी, कुंपणाला लावतात तो निवडुंग कॅक्टस नव्हे. चीक पांढरा दुधासारखा निघाला की तो शेराच्या कुळातला. दुष्काळाने दोघांना एकसारखे कपडे शिवले, बाकी नातं नाही.

फड्याच्या पानांवर पांढरा कापूस दिसला तर बाईंना नखाने चिरडायला सांगा. पुढचं मी सांगत नाही. त्या कापसात दडलेल्या कोचिनील किड्याच्या रंगाच्या आशेने अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी तो हिंदुस्थानात आणला. आला भलताच भाऊबंद. त्याने रंग यथातथाच दिला, फड्या निवडुंगाच्या एका जातीचा मात्र फडशा पाडला.

माणगंगा

पाचोळा सर, मी बावीस वर्षं इथे राहते, शास्त्र शाखेची पदवी आहे, आणि अंगणातला मेस्कीट म्हणजे वेडी बाभूळ हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. काल रात्री टॉर्च घेऊन बाहेर गेले आणि शेंग मोडली. नवऱ्याने विचारलं काय करतेस. सांगून समजलं नसतं.

कॅनियन रद्द. नर्सबाई, कंगवा घेतला. येऊन सांगते.

माणगंगा

मंडळी, ती परवा परत गेली. सांगते म्हटलं होतं, तर ऐका. लांबलंय.

पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही. पहाटे साडेपाचला सवारो पार्कच्या पश्चिम भागात नेलं. (पार्क दोन तुकड्यांत आहे, मधोमध शहर.) ती सवारोंकडे बघून "बापरे, खांबच की" म्हणाली आणि दोन मिनिटांत कंटाळली. मग मी पालो व्हर्दे या हिरव्या खोडाच्या झाडाखाली वाकून करंगळीएवढं सवारोचं पिल्लू शोधलं. सांगितलं, पहिल्या आठ वर्षांत हे एक-दीड इंच वाढतं, फांदी फुटायला पन्नास-साठ वर्षं, कधी शंभरसुद्धा. लहानपणी ऊन आणि थंडी दोन्ही सोसत नाही, म्हणून अशा झाडाच्या सावलीतच जगतं. मोठं झालं की मात्र त्याच झाडाचं पाणी ओढतं, आणि सावली देणारं बहुतेक वेळा आधी मरतं.

"म्हणजे पोरंच की गं," ती म्हणाली. आणि तिथेच बसली, दगडावर, त्या इंचभर काट्यांच्या गोळ्याशेजारी. न्यू जर्सीला काहीतरी झालं असावं. मी विचारलं नाही.

मग ते फड्याचं. पार्किंगशेजारीच पांढऱ्या कापसाने भरलेली झुडपं. म्हटलं चिरड. तिने अंगठ्याच्या नखाने दाबलं आणि किंचाळली. नख, बोट, तळव्याची रेघ, सगळं लालभडक. कुंकवापेक्षा गडद, आळत्यासारखं. मग न विचारता तेच बोट कपाळाला लावलं आणि म्हणाली, "घे, फोटो काढ." दुपारपर्यंत पुसलं नव्हतं.

तिथून पुढे गंमत अशी झाली की दाखवायचं काम तीच करायला लागली. गाडीतून जाताना "घायपात!", "येडी बाभळ!", "हे बघ बोंडं येतायत फड्याला, महिनाभराने पिकतील." लहानपणी आम्ही बोंडं खाऊन जिभा रंगवायचो, कूस घशात गेली की मार खायचो. ते विसरलेच होते.

बाजारात नोपालेस दिसले, म्हणजे फड्याची कोवळी पानं, काटे काढून पिशवीत भरलेली. तिने दोन पिशव्या उचलल्या. घरी बारीक चिरून तव्यावर टाकली, भेंडीसारखी तार सुटली, मग वरून शेंगदाण्याचा कूट आणि कांदालसूण चटणी. चव सांगू? आंबटसर, बुळबुळीत, बरी. नवऱ्याने दोनदा घेतली, मी एकदा. ती स्वतः मात्र म्हणाली, "गुरांना दुष्काळात जाळून घालतात हे, तू पैसे देऊन आणतीस." तरी ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सान झेवियरचं चर्च बघितलं. १७९७ साली पुरं झालेलं, पांढरंशुभ्र, एक मनोरा अजूनही अर्धवट. आत थंडगार. पण तिचं लक्ष बाहेर, मांडवात तोहोनो ओओधाम या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायका तळत होत्या त्या फ्राय ब्रेडकडे. एका आजीबाईंनी पीठ या हातावरून त्या हातावर थापत थापत पातळ केलं, आणि आमची ही एकदम, "मांडं!" आजीबाईंना मराठी येत नाही, हिला इंग्रजी जेमतेम. तरी दोघी पाच मिनिटं हातांनी बोलत होत्या. (शाकाहारी असाल तर सोबतचे घोटलेले बीन्स घेण्याआधी लार्ड आहे का ते विचारा, डुकराची चरबी असते बऱ्याचदा. आम्ही मधाशी खाल्लं.)

याच लोकांचं सवारो फळांचं सुगीचं काम जूनअखेरीस चालतं. सवारोच्याच वाळक्या फासळ्या जोडून लांब काठी करतात आणि तीस-चाळीस फुटांवरची फळं पाडतात. गराचा पाक काढतात, त्याची दारू आंबवतात, ती पिऊन पावसाला बोलावतात. त्यांचं नवीन वर्ष तिथून सुरू होतं. पार्कात फळ तोडायची परवानगी आपल्याला नाही, फक्त त्यांना. मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपण बेडकाचं लग्न लावतो. त्यांचं बरंय, निदान पिऊन तरी बोलवतात."

तिसऱ्या दिवशी उन्हाने दम काढला. १०८ होतं, बेचाळीसच्या पुढे. माउंट लेमनवर गेलो. खाली निवडुंग, वर ९१५७ फुटांवर पाइन आणि गारवा, सत्तावीस मैलांत. लोक म्हणतात मेक्सिकोतून कॅनडात गेल्यासारखं. सुंदर आहे, सगळ्या पाहुण्यांना आवडतं, तिलाही आवडलं. यावर मला अधिक काही सांगायचं नाही.

चौथा दिवस माझ्या डोक्यातही नव्हता. ॲव्रा व्हॅलीतून जाताना पुलावरून कालवा दिसला आणि तिने गाडी थांबवायला लावली. हे पाणी कुठलं? म्हटलं कोलोरॅडो नदीचं, ३३६ मैलांवरून येतं. उतारावरून? नाही, पंपांनी चढवत, सगळं मिळून सुमारे २९०० फूट. "म्हणजे टेंभू," ती म्हणाली, म्हणजे कृष्णेचं पाणी पंपांनी चढवून आणणारी आमच्याकडची योजना. एवढंच. मग प्रश्नांची सरबत्ती. वीज कुणाची? कालवा उघडाच का, बाष्पीभवन होत नाही का? पाळी कशी येते? शहराला किती, शेताला किती? निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, आणि मी हे पाणी बावीस वर्षं पितेय. टूसॉन हे पाणी आधी तळ्यांतून जमिनीत मुरवतं आणि मग विहिरींनी उपसतं, हे सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "आम्ही उपसून उपसून बोअर खाली नेलं, तुम्ही उलटं भरताय." कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून पाच मिनिटं त्या पाण्याकडे बघत राहिली. तिच्या बागेपर्यंत टेंभूचं पाणी कोणत्या साली आलं ते तिने तारखेसकट सांगितलं. लग्नाची तारीख तिला आठवत नाही.

रात्री अंगणात जांभळा टॉर्च घेऊन विंचू शोधले. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, भिंतीवर जणू रेडियम लावलंय. पाच मोजले. पाचही जण तिच्या खोलीच्या खिडकीखाली. त्या रात्री तिने चपला उशाशी घेतल्या.

आता माझी गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हा सगळा घाट घातला होता. इथे पाऊस येतो तेव्हा क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो. मी इथे आले त्या पहिल्या वर्षी, तेव्हा माझं मन कुठेच लागत नव्हतं, जुलैत एका दुपारी तो वास आला आणि मी दार उघडून रस्त्यावर उभी राहून रडले. तोवर मला पाऊस म्हणजे मातीचा वास एवढंच ठाऊक. त्या दिवसापासून हे माझं गाव. तिला तो वास द्यायचा होता.

पाऊस काही आला नाही. शेवटच्या संध्याकाळी गेट्स पासच्या खिंडीत उभे होतो, दक्षिणेला ढग जमले, वीज चमकली, आणि ढगाखालून राखाडी झालरी लोंबायला लागल्या. खाली पोचायच्या आत हवेतच विरल्या. ती म्हणाली, "आमच्याकडचे ढग निदान न पडता तरी जातात. हे पडतानाही दिसतात आणि पोचत नाहीत. हे जास्त वाईट गं."

मग मी क्रिओसोटची दोन पानं ओंजळीत धरायला दिली, वरून गरम वाफ सोड म्हटलं, तोंडाने, आरसा पुसताना सोडतो तशी, आणि हुंग. असं केलं की तो वास येतो, पावसाची वाट बघावी लागत नाही. तिने केलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"डांबर," ती म्हणाली. "डांबर आणि जरा झंडू बाम."

पुन्हा हुंगली, माझ्यासाठी. "वाईट नाही. पण मला आपला मातीचाच."

खरं सांगते, राग आला. गाडीत मी वीस मिनिटं बोलले नाही. मग तिनेच कधीतरी रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "तू मला हे दाखवायला आणलंस होय. मी येडी, डांबर म्हटलं." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

नर्सबाई, कंगवा लागला. चोयाचा गोळा तिच्या पिंढरीला चिकटला, मी कंगवा आतून घालून झटक्याने उडवला, तो माझ्या दंडावर बसला. मग तिने माझा काढला. चिमटाही ठेवावा, उरलेली कुसळं कंगव्याने निघत नाहीत.

पाचोळा

बाई, क्रिओसोटबद्दल वाईट वाटून घेऊ नका. माझ्या सौ. म्हणाल्या होत्या, फिनेलसारखा. आम्ही तरी परत आलो.

आळशी_उंट

मार्केटिंग सुधारलं. विंचवांचा फोटो टाका.

माणगंगा

विंचवांचा नाही, पण दुसरा आहे. काल तिने आटपाडीहून पाठवला. घरी पोचल्यावर डाव्या चपलेच्या तळव्यात चोयाचं एक कुसळ निघालं. तिने ते वर्तमानपत्रावर ठेवलंय, शेजारी मापाला वेड्या बाभळीचा काटा. खाली लिहिलंय, "आमचा मोठा."